माळशेजला वगळून गेलेली तार

कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलेला रस्ता ओतूर, आळेफाटा, आळे असा पूर्वेकडे सरकतो आणि राजुरीवरून बेल्ह्याकडे व पुढे अहिल्यानगरकडे निघून जातो. आज हा राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. नकाशा समोर ठेवून पाहिले, तर मुंबईहून दख्खनच्या पोटात शिरण्याचा हा मार्ग किती सरळ आहे हे चटकन ध्यानात येते. तरीही १८५४-५५ मध्ये विजेची तार पहिल्यांदा सह्याद्री चढून देशावर आली, ती या वाटेने आली नाही. एक तार उत्तरेला थळघाटाने नाशिक, मालेगाव, धुळे अशी आग्ऱ्याकडे गेली. दुसरी दक्षिणेला बोरघाटाने पुण्याकडे, तेथून बेल्लारी-बंगळूरमार्गे मद्रासला पोहोचली. या दोन तारांच्या मध्ये माळशेज, नाणेघाट आणि त्यांच्या माथ्यावरचा जुन्नरचा सारा मुलूख राहून गेला.

तारेला मुळात चढाची भीती नसते. आगगाडीला घाट चढायचा तर उतार बेताचा लागतो, बोगदे खोदावे लागतात, दऱ्यांवर पूल बांधावे लागतात. तारेला यांपैकी काहीच लागत नाही. एका कड्यावर खांब, समोरच्या कड्यावर दुसरा. मधली दरी तार अधांतरी ओलांडते. मग तिचा मार्ग आखताना अडचण कोणती होती? त्याचे उत्तर तारेपेक्षा ती वाहून नेणाऱ्या बैलगाडीत आणि तिच्याखालून रोज चालत जाणाऱ्या माणसात शोधावे लागते.

हिंदुस्थानातील तारखात्याचा जनक म्हणजे विल्यम ब्रुक ओशॉनेसी. हा आयर्लंडमधील लिमरिकचा, १८०९ मध्ये जन्मलेला. व्यवसायाने डॉक्टर, कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा. पटकीच्या रोग्यांच्या शरीरातून पाणी व क्षार किती झपाट्याने जातात, हे तरुणपणीच दाखवून देणाऱ्या या माणसाने १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर मैलोगणती तार ताणून तारायंत्राचे प्रयोग केले. त्याची दखल घेण्यास सरकारला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, दुसऱ्या ब्रह्मी युद्धात तिचा उपयोग पटला आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास व पंजाब जोडण्याचा प्रस्ताव विलायतेस धाडून मंजूर करून घेतला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कामास प्रारंभ झाला. २४ मार्च १८५४ रोजी आग्ऱ्याहून कलकत्त्यास संदेश गेला. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया, असा आरंभीचा दर होता. १८५६ च्या सुरुवातीस देशात सुमारे ४,००० मैल तार उभी होती.

इतका वेग साधला तो ओशॉनेसीच्या एका ठाम मतामुळे. इंग्लंडात त्या काळी वापरली जाणारी लोखंडी तार बरीच बारीक असे. येथे ती टिकणार नाही, हे त्याने आधीच ओळखले होते. त्याने निवडलेली तार इतकी जाड होती, की तिचे वजन मैलाला अर्ध्या टनाहून अधिक भरे. वानरांची टोळी लटकली, घारी-गिधाडे रांगेने बसली, तरी ती तुटत नसे. खांब पडून जमिनीवर आली आणि वरून गुरे किंवा गाड्या गेल्या, तरी तिचे फारसे बिघडत नसे. जाड तारेचा विजेच्या दृष्टीनेही लाभ होता. पावसाळ्यात खांब ओले झाले की प्रवाह त्यांवाटे जमिनीत झिरपतो. तारेचा रोध जितका कमी, तितका या गळतीतूनही पुढच्या ठाण्यावर कळण्याजोगा प्रवाह उरतो. चार महिने धुक्यात बुडून राहणाऱ्या घाटात ही गोष्ट फार मोलाची होती.

मात्र याच जाडीने तारेचा मार्ग रस्त्याशी जखडून टाकला. मैलागणिक अर्ध्या टनाहून जास्त लोखंड आणि सोबत खांब, असा बोजा कड्याकपारींतून माणसांच्या डोक्यावरून नेणे अशक्य नव्हते, पण शेकडो मैलांसाठी ते परवडणारे नव्हते. त्याला गाडीवाट हवी. खांबांच्या बाबतीत ओशॉनेसी लवचीक होता. जेथे जे सहज मिळेल ते वापरावे, अशी त्याची रीत. बंगालात बांबू व ताड, अन्यत्र साग, दक्षिणेत घडीव दगड स्वस्त मिळे तेथे चक्क दगडी खांब. पण खांब कशाचेही असोत, त्यांना वाळवी लागते, वीज पडते, वादळात ते कलतात. देशावरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी मऊ होते; तिच्यात रोवलेला खांब वर्षभरात वाकडा होणारच. घाटमाथ्यावर याच्या उलट, हातभर खाली काळाकभिन्न खडक. तार उभारणे हे एकदाच करायचे काम होते, पण ती चालू ठेवणे हे रोजचे. तुटलेली जागा शोधायला माणूस पायी किंवा घोड्यावरून तारेखालून गेला पाहिजे, त्याला वाटेत मुक्कामाची सोय पाहिजे, शिडी आणि तारेचे वेटोळे घेऊन येणारी गाडी त्याच्यामागे पोहोचली पाहिजे. म्हणूनच मोठ्या तारा मोठ्या रस्त्यांच्या कडेने गेल्या.

१८५४ मध्ये मुंबईहून देशावर चढणारे असे रस्ते दोनच म्हणावे लागतील. बोरघाटाचा रस्ता १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने तोफा नेण्यापुरता सुधारला होता आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो चाकांच्या वाहनांसाठी खुला केला. पुण्यास मोठी लष्करी छावणी होती. शिवाय पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुणे परिसरात मुक्कामास येत, म्हणजे वर्षातले काही महिने सरकारच वर असे. थळघाटातून आग्रा रस्ता जात होता. त्याच्या टोकाला उत्तर हिंदुस्थान होता. या दोन्ही वाटा सोडून तिसरीचा विचार करण्यास तारखात्याला कारणच नव्हते.

एक गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. तार आगगाडीच्या मागोमाग घाटावर आली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. तारेने सह्याद्री ओलांडला तेव्हा आगगाडी नुकती कल्याणला पोहोचत होती. ठाणे-कल्याण लोहमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये धावू लागली आणि बोरघाटाचा लोहमार्ग, त्याचे पंचवीस बोगदे व आठ पूल यांसह, १८६३ मध्ये खुला झाला. थळघाटाचा त्यानंतर, १८६५ मध्ये. म्हणजे रुळांच्या आठ-दहा वर्षे आधी तार घाटमाथ्यावर होती. पुढे लोहमार्ग झाला, तेव्हा रुळांच्या कडेने खांब उभे करणे सोयीचे ठरले. तारवाल्यांना गस्तीसाठी आयती वाट मिळाली आणि रेल्वे स्थानकांना तारघरांचे रूप आले.

आणि माळशेज? जुन्नरच्या वाटा काही कालच्या नव्हेत. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख, घाटातील फरसबंदी आणि माथ्यावरचा दगडी रांजण हे सांगतात, की कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून पैठणकडे जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरातून चढत असे. पण ती वाट बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांसाठी होती. माळशेजही कंपनीच्या काळात गाडीरस्ता नव्हता. घाटाच्या माथ्यावर हरिश्चंद्रगडाच्या कुशीतला प्रदेश तुफान पावसाचा, दाट धुक्याचा. त्यातच हा महादेव कोळ्यांचा मुलूख. शेजारच्या अकोले भागातील देवगावचे राघोजी भांगरे यांच्या उठावाने १८४४ पासून हा सारा डोंगरपट्टा कंपनी सरकारला जड गेला होता. राघोजींना १८४८ मध्ये ठाण्यास फाशी देण्यात आली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, एखाद्या सुऱ्याने कापता येईल अशी नसली तरी कुऱ्हाडीने खांब तोडून पाडता येईल अशी तार त्या रानातून नेण्याचा मोह कोणाला होणार?

तरी जुन्नरच्या पूर्व भागाचा विचार कधी झालाच नव्हता असे नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आरंभीच्या आराखड्यात लोहमार्ग कल्याणहून माळशेज घाटाने वर चढून आळे येथे यायचा होता. घाट एकच चढायचा आणि वर आल्यावर वेगवेगळ्या दिशांना फाटे काढायचे, अशी ती कल्पना. ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीसाठी ओळखले जाणारे आळे त्या कागदांवर इंग्रजी वळणाच्या नावाने एक महत्त्वाचे ठिकाण म्हणून नोंदले गेले. राजुरी तेथून जवळच, पूर्वेला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या सर्वेक्षणांनंतर हा बेत मागे पडला आणि एका घाटाऐवजी थळ व बोर असे दोन घाट चढण्याचे ठरले. तो आराखडा टिकता, तर रूळ आणि रुळांच्या कडेची तार दोन्ही या माळावर आली असती; कदाचित आळे हे मनमाड किंवा दौंडसारखे जंक्शन झाले असते. असे अंदाज बांधणे सोपे असते हे खरे, पण नकाशावर मागे घेतलेली एक रेघ तालुक्याच्या नशिबात किती फरक पाडते हे मनमाडकडे पाहून कळते.

तारेचा मार्ग चुकला की काय होते, याचा धडा सरकारला १८५७ मध्ये मिळाला. ११ मे रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेला इशारा प्रसिद्धच आहे. त्यानंतर उत्तरेतील तारा ठिकठिकाणी तुटल्या. १ जुलै रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि थळघाटाने जाणाऱ्या आग्रा तारेचा पुढचा भाग निकामी झाल्यासारखाच झाला. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा दुसरा सरळ धागा नव्हता. कलकत्त्याहून मद्रासला किनाऱ्याने जाणारी तार तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. उरली ती बोरघाटाची तार. मुंबईचा मजकूर पुणे, बेल्लारी, बंगळूर करीत मद्रासला जाई आणि तेथून आगबोटीने कलकत्त्याला. त्या अवघ्या प्रसंगात दक्षिणेची तार चालू राहिली, याचे श्रेय खांबांच्या मजबुतीपेक्षा ती ज्या मुलखातून जात होती त्या मुलखाच्या शांततेला द्यावे लागेल. पूर्व किनाऱ्याची तार नंतर घाईने पुरी करण्यात आली. दोन ठिकाणांना जोडणारे किमान दोन निराळे मार्ग हवेत, ही गोष्ट त्यानंतर तारखात्याच्या आखणीत कायमची आली.

ज्या तारेने माळशेजला टाळले, तिच्यावरून पुढे जगाचे संदेश गेले. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतार टाकली आणि लंडनचा मजकूर भूमध्य व तांबड्या समुद्रातून मुंबईस येऊ लागला. मुंबईत तो पाण्यातून बाहेर निघे, जमिनीवरील तारेने दख्खन ओलांडून मद्रासला जाई आणि तेथे पुन्हा पाण्यात शिरून पेनांग व सिंगापूर गाठी. १८७२ मध्ये या साखळीला ऑस्ट्रेलिया जोडला गेला. त्या खंडाच्या मधोमध तार नेण्याचे चार्ल्स टॉड याचे काम येथल्या कामाच्या अगदी उलट जातीचे होते. तेथे रस्ताच नव्हता. सुमारे ३,२०० किलोमीटरच्या निर्मनुष्य प्रदेशात जॉन रॉस याच्यासारखे वाटाडे आधी पुढे गेले, ते पाणी कोठे आहे आणि खांबांजोगी झाडे कोठे आहेत हे पाहायला; तार त्या पाणवठ्यांना धरून वळणे घेत गेली. कराचीच्या पश्चिमेस मकरानच्या किनाऱ्यावर मात्र पाणी आणि झाडांहून टोळीप्रमुखांचा प्रश्न बिकट होता. तेथे १८६० च्या दशकात फ्रेडरिक गोल्डस्मिड याला आधी सरदारांशी बोलणी करावी लागली आणि तारेच्या राखणीसाठी त्यांना रकमा ठरवून द्याव्या लागल्या. अडचणीच्या मुलखातली अडचण प्रत्येक ठिकाणी निराळी असते. सह्याद्रीत ती रस्त्याची होती.

राजुरी-बेल्ह्यासारख्या गावांना या साऱ्याचा अर्थ फार साधा होता. १८८३ पासून टपाल आणि तार यांची एकत्रित कार्यालये निघू लागली, तारघरे हळूहळू लहान गावांपर्यंत आली. पण ज्या गावात तारघर नाही, तेथील माणसाची तार जवळच्या तारघरापर्यंत विजेने आणि तेथून पुढे टपालाने जात असे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि भाजीबाजारात या तालुक्यातील माणसे पिढ्यान् पिढ्या राबत आली. तिकडे कोणी दगावला, की ‘तार’ निघायची. संदेश घाट चढायला काही क्षण घ्यायचा आणि तारघरापासून उंबऱ्यापर्यंतच्या काही कोसांना अख्खा दिवस. तार आली म्हटल्यावर ती उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, हे जुन्या माणसांच्या तोंडून महाराष्ट्रात कोठेही ऐकायला मिळते. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा बंद झाली, तेव्हा तिच्याविषयी हळहळणाऱ्यांत मनीऑर्डर आणि तार यांतला फरक चेहऱ्यावरून ओळखणारे पोस्टमनही असतील.

तारेचा मार्ग आखण्याची एक बाजू कायद्याची. पहिला तार कायदा १८५४ चा. पण खांब कोणाच्या शेतात रोवायचा याची व्यवस्था नीट लावली ती १८८५ च्या कायद्याने. तारखात्याला कोणाच्याही जमिनीत, जमिनीवरून वा जमिनीखालून तार नेता येईल, जमिनीची मालकी मात्र खात्याकडे जाणार नाही, केवळ वापराचा हक्क मिळेल आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागेल, असे ते तत्त्व. तार गेली, कायद्याचा तो भाग उरला. २००३ च्या वीज कायद्याने हेच अधिकार वीजवाहिन्या उभारणाऱ्यांना देण्याची सोय केली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा मोडीत काढतानाही वीजवाहिन्यांपुरता तो भाग राखून ठेवला. उसाच्या किंवा द्राक्षाच्या शेतात उच्चदाबाचा मनोरा उभा राहतो आणि शेतकरी भरपाईसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत खेटे घालतो, तेव्हा वाद चालू असतो तो ओशॉनेसीच्या खांबांच्या वंशजांवरून.

जुन्नरला वगळण्याच्या निर्णयाचे फळ शंभर वर्षांनी भलतेच निघाले. मोठा लोहमार्ग नाही, मोठे कारखाने नाहीत, भोवती डोंगरांचा आडोसा. त्यामुळे या भागात रेडिओ लहरींचा कोलाहल कमी राहिला. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये देशातील पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला देण्यात आले. ज्या तालुक्याने मुख्य तार कधी पाहिली नाही, तेथून परदेशांशी दूरध्वनीचे बोलणे आकाशमार्गे होऊ लागले. त्यानंतर खोडद परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यासाठी जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींत या शांततेचा क्रमांक वरचा होता. दूरच्या ताटल्या मध्यवर्ती केंद्रापासून कित्येक किलोमीटरवर आहेत आणि त्यांनी टिपलेले संकेत तेथपर्यंत काचतंतूंच्या तारेनेच येतात. ही तार जमिनीखालून जाते, तिला वाळवी लागत नाही आणि तिच्यातून बाहेर काही झिरपत नाही.

त्या शांततेची किंमत तालुका पुन्हा एकदा मोजतो आहे. पुणे-नाशिक लोहमार्ग नारायणगावावरून नेण्याचा आराखडा बरीच वर्षे चर्चेत होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, या कारणास्तव हा मार्ग सोडून अहिल्यानगर-शिर्डीवरून जाणाऱ्या मार्गाकडे रेल्वे मंत्रालय वळले. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतून त्याविरुद्ध नाराजी व्यक्त झाली, मूळ मार्गच ठेवावा अशी मागणी झाली. माळशेजवरून कल्याण-अहिल्यानगर लोहमार्गाची मागणी तर त्याहून कितीतरी जुनी. बर्कलेच्या काळात कागदावर आलेले आळे आजही रेल्वेच्या कागदांवरच आहे.